वाचकांचे प्रश्न : आत्याचा आजार आणि माझी जनुके

अंडाशयाच्या कर्करोगावरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत व्यक्त झाली आहे : घरात एकीला हा आजार झाला, आता आमचे काय? त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. माझ्या सख्ख्या आत्याला दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ५२व्या वर्षी, अंडाशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया व केमोथेरपी होऊन सध्या ती बरी आहे. वडिलांची आई पन्नाशीतच गेली. तिच्या ‘पोटात पाणी झालं होतं’ एवढेच घरात सांगतात. गावातील डॉक्टरांनी ‘आईच्या बाजूला कोणाला नाही ना, मग काळजी नको’ असे सांगितले. आत्याचा आजार माझ्यापर्यंत येऊ शकतो का? मी कोणती तपासणी करावी? (एक भगिनी, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, आजार येत नाही, पण त्याचा धोका वाढवणारे जनुक येऊ शकते, आणि ते वडिलांकडूनही येते. अंडाशय हा स्त्रीचा अवयव, म्हणून त्याचा वारसाही आईकडूनच येणार, ही समजूत घरांत आहे तशी दवाखान्यांतही आहे, आणि तिच्यामुळे किती घरांतील इशारे दुर्लक्षित राहिले असतील, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होते. या आजाराशी सर्वांत घट्ट संबंध असलेली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके अनुक्रमे १७व्या आणि १३व्या गुणसूत्रावर असतात, आणि ही गुणसूत्रे पुरुषांत व स्त्रियांत सारखीच असतात. आत्यामध्ये यांपैकी एका जनुकात बिघाड करणारा बदल असेल आणि तो आजीकडून आला असेल, तर तुमच्या वडिलांत तो असण्याची शक्यता निम्मी आणि तुमच्यात असण्याची शक्यता चारांत एक आहे.

आजीविषयीचे ते वाक्य मात्र नीट लिहून ठेवा. यकृताच्या विकाराने किंवा पोटातील क्षयानेही पोटात पाणी होते, त्यामुळे हा पुरावा ठरत नाही. परंतु अंडाशयाचा कर्करोग पसरल्यावर पोट फुगणे आणि पाणी होणे हेच मुख्य लक्षण असते, आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात त्याला ‘जलोदर’ किंवा ‘पोटात गोळा’ यापलीकडे नाव मिळत नसे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारताना ‘कॅन्सर कोणाला होता?’ असे विचारले तर उत्तर नकारार्थी येते. ‘पोट फुगून कोण गेले?’ असे विचारले की आठवणी निघतात.

ही जनुके करतात काय, तेही सांगतो. पेशीतील डीएनए सतत कोठे ना कोठे तुटत असतो. त्याचे दोन्ही पेड एकाच जागी तुटले की बीआरसीए प्रथिने शेजारची शाबूत प्रत समोर ठेवून ती तूट बिनचूक सांधतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. वारशाने एक प्रत बिघडलेली आली तरी दुसरी काम निभावून नेते. मात्र पुढे आयुष्यात एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी झाली, तर त्या पेशीत चुका साचत जातात आणि त्यांतून कर्करोग उभा राहू शकतो. म्हणूनच जन्मापासून बदल असूनही आजार चाळिशी-पन्नाशीनंतर दिसतो, आणि काही स्त्रियांना तो कधीच होत नाही. स्तनांचा कर्करोग ठरावीक कुटुंबांत कमी वयात का होतो याचा माग काढत असताना बर्कले येथील संशोधक मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली १७व्या गुणसूत्रावरील ती जागा दाखवली. १९९४ साली प्रत्यक्ष बीआरसीए-१ हाती लागले आणि पुढच्याच वर्षी बीआरसीए-२.

जनुकातील मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो. ‘पहाट उजळे शहर जागते’ हे वाक्य घ्या. त्यातील पहिली दोन अक्षरे गळाली आणि वाचणारा मात्र तीन-तीन अक्षरेच उचलत राहिला, तर ‘टउज ळेशह रजाग’ असे काहीतरी हाती येईल. बीआरसीए-१च्या सुरुवातीजवळ नेमकी दोन अक्षरे गळण्याचा एक बदल पूर्व युरोपीय वंशाच्या अश्केनाझी ज्यू समाजात बराच आढळतो आणि भारतातील रुग्णांतही तो सापडला आहे. त्यामुळे अमिनो आम्लांच्या १,८६३ दुव्यांचे प्रथिन चाळीस दुवेही पूर्ण होण्याआधी थांबते.

आता धोक्याचे आकडे. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात हा कर्करोग होण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांत शंभरात एक-दीड इतके आहे, आणि आपल्याकडे त्याहूनही कमी आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दहा हजार वाहक (म्हणजे असा बदल असलेल्या) स्त्रियांच्या अभ्यासात वयाच्या ऐंशीपर्यंत हे प्रमाण बीआरसीए-१मध्ये शंभरात ४४ आणि बीआरसीए-२मध्ये शंभरात १७ इतके आढळले. दोन्ही बदलांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण तर शंभरात सुमारे ७० आहे, म्हणून तपासणीचा विचार दोन्ही आजार डोळ्यांसमोर ठेवून करावा.

तपासणीची सुरुवात मात्र तुमच्यापासून नको, आत्यापासून व्हावी. तुमचा अहवाल ‘काही आढळले नाही’ असा आला, तर बदल तुमच्यात आला नाही, की घरातील बदल या चाचणीला सापडणाऱ्यांपैकी नाही, हे कळायला मार्ग राहत नाही. आत्यामध्ये बदल सापडला तर तेवढाच बदल तुमच्यात शोधायचा, आणि मग उत्तर नि:संदिग्ध मिळते. अंडाशयाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत असतो तो आवरण-पेशींचा (एपिथेलियल) प्रकार आत्याला असेल, तर वय किंवा कुटुंबातील इतिहास न पाहता जनुकीय तपासणी करावी, असेच आजचे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. भारतातील रुग्णांच्या अभ्यासांत अशा स्त्रियांपैकी पाचव्या ते चौथ्या हिश्श्यात बीआरसीए बदल आढळले आहेत. यात आत्याचा स्वतःचाही लाभ आहे. बीआरसीए बदल असलेल्या गाठींवर ओलापॅरिबसारखी औषधे विशेष गुणकारी ठरतात. २०१८ साली जाहीर झालेल्या चाचणीत, पहिल्या उपचारांना प्रतिसाद दिलेल्या अशा रुग्णांत या औषधाने आजार पुन्हा वाढण्याचा वा मृत्यूचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी केला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि त्याच संस्थेचे खारघर येथील केंद्र या ठिकाणी कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी स्वतंत्र सल्ला मिळतो. शक्य असेल तर आत्याला घेऊनच जा, आणि तिचा पॅथॉलॉजीचा अहवाल सोबत ठेवा.

प्रश्न : माझ्या आईला हा कर्करोग आहे. तिच्या अहवालात बीआरसीए-२मध्ये ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ आढळला असे लिहिले आहे. मी आणि बहीण दोघीही हे वाचून घाबरलो आहोत. आम्ही अंडाशय काढून घ्यावेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : केवळ या अहवालाच्या आधारे मुळीच नाही. वरच्या उदाहरणातलेच वाक्य घेऊ. ‘उजळे’ऐवजी कोणी ‘ऊजळे’ लिहिले, तर शुद्धलेखनाची चूक होते, पण अर्थ पोहोचतो. ‘पहाट’ऐवजी ‘पहाड’ झाले, तर अक्षर एकच बदलले तरी अर्थ पार बदलला. जनुकात एका जागी एक अक्षर बदललेले दिसले की ते ऱ्हस्व-दीर्घाच्या जातीचे की पहाट-पहाडाच्या जातीचे, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. तो बदल आजारी आणि निरोगी अशा पुष्कळ माणसांत किती वेळा दिसतो, हे पाहूनच त्याचा निवाडा होतो. जगातील जनुकीय नोंदींत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा असल्यामुळे आपल्याकडे अगदी निरुपद्रवी असलेले बदलही नोंदीअभावी ‘अनिश्चित’ या खान्यात पडतात. भारतीय स्त्रियांच्या अहवालांत हा शेरा अधिक वेळा दिसतो तो या कारणाने, आपल्या जनुकांत काही अधिक दोष आहेत म्हणून नव्हे.

अशा बदलांचा पुढे निकाल लागतो तेव्हा त्यांतील बहुतेक निरुपद्रवी ठरतात. तोवर त्या अहवालावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नाही, आणि तुम्ही दोघींनी तोच बदल स्वतःमध्ये शोधत बसण्यातही अर्थ नाही. वर्षा-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला पत्र किंवा ईमेल पाठवून या बदलाचे वर्गीकरण बदलले आहे का, एवढे विचारत राहा. आईला कर्करोग आहे हे वास्तव उरतेच, आणि त्या आधारावर तुमच्यासाठी काय करायचे, हे स्त्रीरोगतज्ज्ञांशी आणि समुपदेशकांशी बोलून ठरवा.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिने तेथे लाळ पाठवून करायची घरगुती जनुक-चाचणी केली. बीआरसीएचा बदल नाही असा निकाल आला. माझ्या बहिणीला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. आता मुलीने निश्चिंत राहावे ना? शिवाय इंटरनेटवर ‘शेकडो लहान जनुकीय फरक मोजून धोक्याचा गुणांक’ देणाऱ्या चाचण्यांच्या जाहिराती दिसतात, त्या कराव्यात का? (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : मुलीने कोणती चाचणी केली, हे पाहिल्याशिवाय निश्चिंत राहू नये. २०१८ साली अमेरिकेत परवानगी मिळालेली अशी एक घरगुती चाचणी बीआरसीए जनुकांतील केवळ तीन बदल पाहत असे, आणि ते तिन्ही अश्केनाझी ज्यू समाजात आढळणारे होते. या दोन जनुकांत हजारो निरनिराळे हानिकारक बदल नोंदले गेले आहेत. तीन खोल्यांत डोकावून सगळा वाडा रिकामा आहे असे म्हणण्यासारखे हे झाले. तुमच्या बहिणीची संपूर्ण तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल मुलीला पाठवा. झाली नसेल तर सुरुवात तेथूनच.

बीआरसीए ही दोनच जनुके नाहीत, हेही तुमच्या निमित्ताने सांगायला हवे. आरएडी-५१सी, आरएडी-५१डी, बीआरआयपी-१ आणि पीएएलबी-२ ही डीएनएच्या दुरुस्तीतीलच जनुके आहेत. त्यांतील हानिकारक बदलांनी अंडाशयाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका साधारण शंभरात पाचपासून बारापर्यंत जातो. लिंच विकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका सुधारणारी जनुके बिघडलेली असतात. अशा घरांत मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग अधिक दिसतो, आणि त्यांच्या बरोबरीने अंडाशयाचाही. म्हणून तुमच्या घरात आतड्याचा कर्करोग कमी वयात कोणाला झाला होता का, हे जरूर आठवा.

जाहिरातींत म्हणतात ते लहान फरक वेगळ्या जातीचे आहेत. हजारो रुग्ण स्त्रिया आणि हजारो निरोगी स्त्रिया यांच्या जनुकसंचाची तुलना करून २००९ साली अशी पहिली जागा नवव्या गुणसूत्रावर सापडली, आणि पुढे त्यांची संख्या तिसाच्या वर गेली. हे फरक लोकसंख्येत सर्रास आढळतात, तुमच्यात आणि माझ्यातही काही असतील, आणि त्यांतील एकेकाने धोका जेमतेम दहा-वीस टक्क्यांनी इकडे-तिकडे होतो. म्हणजे शंभरात १.३ असलेला धोका १.५ होतो. या फरकांच्या शोधाचे शास्त्रीय मोल मोठे आहे, कारण आजार कोणत्या वाटेने घडतो हे त्यांतून उलगडते. परंतु त्यांची बेरीज करून काढलेला गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या माहितीवर बेतलेला आहे, आणि तो नाशिकच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी मुलीला जसाच्या तसा लागू पडेल असे धरून चालता येत नाही. त्यावर पैसे खर्च करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझ्या आईला अंडाशयाचा कर्करोग असून तिच्यात बीआरसीए-२चा हानिकारक बदल आढळला आहे. माझे लग्न सख्ख्या मामाच्या मुलीशी ठरले आहे. आमच्याकडे ही रीतच आहे. याचा काही संबंध येतो का? (एक तरुण, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : आपण हे लग्नाआधी विचारलेत, याबद्दल आपले मनापासून कौतुक वाटते. संबंध येतो. आपल्यात हा बदल असण्याची शक्यता निम्मी आहे. आईला तो तिच्या आई-वडिलांपैकी एकाकडून आला असणार, त्यामुळे मामांत असण्याची शक्यता निम्मी आणि त्यांच्या मुलीत चारांत एक आहे. दोघांतही तो निघाला, तर प्रत्येक अपत्याला बिघडलेल्या दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते, आणि अशा मुलाला फॅन्कोनी ॲनिमिया हा गंभीर विकार होतो. त्यात अस्थिमज्जा निकामी होत जाते आणि अगदी लहान वयातच रक्ताचा किंवा मेंदूचा कर्करोग होऊ शकतो. अंडाशयाच्या कर्करोगाच्या चर्चेत ही बाजू क्वचितच येते. आते-मामे भावंडांची लग्ने जेथे होतात त्या आपल्या दक्षिण महाराष्ट्रात ती यायला हवी.

आधी आपली तपासणी करा, मुलीची नव्हे. आपल्यात बदल नसेल तर या विकाराचा प्रश्न तेथेच मिटतो आणि तिला तपासणीला सामोरे जाण्याचे लग्नापुरते कारण उरत नाही. असेल, तर दोघांनी मिळून समुपदेशकांकडे जावे. आणि एक विनंती : उद्या मुलीत बदल निघाला तर तो तिचा ‘दोष’ म्हणून भावकीत चर्चेला येऊ नये, याची जबाबदारी आपण घ्या. तो आपल्या दोघांच्याही सामाईक आजी-आजोबांकडून आलेला वारसा असेल.

प्रश्न : माझ्यात बीआरसीए-१चा बदल सापडला आहे. वय ३६, दोन मुले आहेत. डॉक्टर अंडाशय आणि गर्भनलिका काढून घ्या म्हणतात. त्याऐवजी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी केली तर चालणार नाही का? आणि नलिका कशासाठी काढायच्या? (एक शिक्षिका, अमरावती)

उत्तर : ताई, चालले असते तर मला हायसे वाटले असते. परंतु ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा अंतिम निकाल २०२१ साली आला, आणि नियमित सोनोग्राफी व सीए-१२५ यांमुळे अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, असे त्यात स्पष्ट झाले. त्या स्त्रिया सर्वसाधारण धोक्याच्या होत्या, हे खरे. तरीही तुमच्यासारख्या वाहक स्त्रियांत केवळ तपासण्यांवर विसंबून जीव वाचतात, असे म्हणण्यास आधार मिळालेला नाही. हा कर्करोग लहान असतानाच पोटातील आवरणावर पसरू शकतो आणि सोनोग्राफीत गाठ दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. शस्त्रक्रिया होईपर्यंत या तपासण्या करायला हरकत नाही, पण त्यांना शस्त्रक्रियेचा पर्याय मानू नका.

नलिकांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधील विकृतितज्ज्ञांनी, खबरदारी म्हणून काढलेल्या अवयवांची बारकाईने पाहणी केली, तेव्हा कर्करोगाच्या आरंभीच्या खुणा अंडाशयांपेक्षा गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी दिसू लागल्या. वाहक स्त्रियांत सर्वाधिक होणारा प्रकार बहुतांश वेळा तेथेच सुरू होतो आणि मग अंडाशयावर उतरतो, असे आज मानले जाते. म्हणून नलिका मागे ठेवून शस्त्रक्रिया करणे अपुरे आहे, आणि काढलेल्या नलिकेचे बारीक काप करून तपासण्यास पॅथॉलॉजी विभागाला आधीच लेखी कळवायला हवे. केवळ नलिका आता काढून अंडाशय काही वर्षांनी काढावेत का, यावर चाचण्या सुरू आहेत. अद्याप ती रूढ पद्धत नाही.

बीआरसीए-१मध्ये ३५ ते ४० या वयात, मुले झाल्यानंतर, ही शस्त्रक्रिया सुचवली जाते. बीआरसीए-२मध्ये आजार साधारणतः उशिरा होत असल्याने ४० ते ४५पर्यंत थांबता येते. या शस्त्रक्रियेने धोका सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक कमी होतो. पोटातील आवरणाला होणाऱ्या कर्करोगाचा थोडा धोका मात्र उरतो. तुमच्याकडे वेळ आहे. चाळिशीपर्यंत हा आजार होण्याचे प्रमाण बीआरसीए-१मध्येही शंभरात दोन-तीनच आहे, त्यामुळे पुढच्याच आठवड्यात टेबलावर जाण्याची घाई नको. मात्र शाळेच्या सुट्ट्या पाहत पाच वर्षे लोटू देऊ नका.

शस्त्रक्रियेने पाळी एकाएकी बंद होते, आणि त्याचा त्रास पुष्कळ वेळा सांगितलाच जात नाही : अंगाची लाही होणे, झोप उडणे, योनीमार्गाचा कोरडेपणा, पुढे हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा वाढता धोका. तुम्हाला स्तनांचा कर्करोग झालेला नसेल, तर पाळी नैसर्गिकरीत्या जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरके घेता येतात. हे शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठरवा. गर्भनिरोधक गोळ्यांनी वाहक स्त्रियांतही अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका निम्म्याच्या आसपास घटतो, पण स्तनांच्या धोक्याचा विचार करून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. स्तनांसाठी दरवर्षी एमआरआय करण्याची गरज आहे, ती सुरू नसेल तर हे पत्र वाचल्यावर पहिले काम ते करा.

प्रश्न : माझ्या बहिणीत बीआरसीए-२चा बदल आढळला. मला दोन मुलगेच आहेत, मुलगी नाही. मग मला तपासणीची गरज नाही ना? (एक गृहस्थ, पुणे)

उत्तर : गरज आहे. बीआरसीए-२च्या वाहक पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग अधिक प्रमाणात आणि अधिक आक्रमक स्वरूपात होतो, आणि क्वचित पुरुषांनाही स्तनांचा कर्करोग होतो. आपल्यात बदल निघाला तर चाळिशीपासून पीएसए ही रक्ततपासणी सुरू करावी. मुलांविषयी म्हणाल, तर त्यांनाही उद्या मुली होतील. ते सज्ञान झाल्यावर त्यांना हे सांगा आणि तपासणी करायची की नाही, ते त्यांना ठरवू द्या. आपल्यासाठी संपूर्ण चाचणीची आवश्यकता नाही; बहिणीच्या अहवालाची प्रत घेऊन जा आणि तोच एक बदल पाहायला सांगा. त्याला खर्चही पुष्कळ कमी येतो.